गडाचा डावा खांदा

रामा तांडेल गेला तेव्हा त्याच्याबद्दल किनाऱ्यावर एकच गोष्ट शिल्लक होती. खडपावर बोट घातलेला माणूस. आयुष्यभर त्यानं सुकाणू धरलं, वाऱ्यावादळात माणसं घरी आणली, ते सगळं पुसलं गेलं. भरतीनं पावलं पुसावीत तसं, कुणाला काही न वाटता.

त्याच्या बायकोला, हंसाला, ते वाक्य रोज ऐकू यायचं. कुणी बोलत नसलं तरी. नळावर बायका तिला आधी हंडा भरू द्यायच्या. त्या भलेपणाचा तिला राग यायचा, कारण त्यात तेच वाक्य असायचं.

झालं होतं ते असं. २०१४ साली नारळी पौर्णिमा होऊन डहाणूच्या बोटी नुकत्या समुद्रात उतरल्या होत्या. रामा परत येत होता. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली खडकांचं एक खडप आहे. भरतीत झाकलेलं, ओहोटीत काळे दात दाखवणारं. जुने तांडेल, सुकाणू धरणारे, ते खुणेनं टाळायचे. पूर्वेला लांबवर डोंगरांची रांग दिसते, त्यात कासाच्या पलीकडचा गंभीरगड. एरवी तो बाकीच्या डोंगरांत हरवलेला असतो. रामा म्हणायचा, बोट खडपाजवळ आली की महालक्ष्मीच्या सुळक्याशेजारी गड मोकळा होतो, बसलेल्या बैलासारखा. गड मोकळा दिसला की तांडेलानं ओरडायचं. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बसलेल्या माणसानं पाण्यात बघून हात करायचा. त्या हातावर सुकाणू वळायचं.

त्या दिवशी नाळेवर रामाचा चुलतभाऊ काळ्या होता.

"गड दिसला, मी ओरडलो," रामानं पंचांसमोर सांगितलं. "ह्यानं हात केला नाही. किनारा जवळ आला, मोबाइलला रेंज आली, आणि ह्याच्या कानात गाणी."

"तिथून गड दिसतच नाही," काळ्या म्हणाला. "महालक्ष्मीच्या डोंगराआड जातो. मग हा ओरडला कशावरून? डोळे गेलेत दादाचे."

बोट फुटली. माणसं पोहून वाचली. आणि लोकांनी काळ्याचं ऐकलं, कारण ते सोपं होतं. खडपाशी जाऊन गड दिसतो का हे बघणार कोण? सगळे त्याच्यापासून लांबच राहतात, आणि नव्या बोटींवर यंत्र असतं. ते खडप दाखवतं, गड दाखवत नाही. पुढच्या वर्षी रामा तापानं गेला. शेवटच्या दिवसांत तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. हंसानं त्याला वळवायचा प्रयत्न केला की म्हणायचा, "राहू दे. इकडे तरी कोण खरं मानतंय."

काळ्या आता स्वतःच्या बोटीवर तांडेल होता. रामाचा मुलगा जिग्नेश त्याच बोटीवर खलाशी. तो जाळी ओढायचा, बर्फ फोडायचा. सुकाणूजवळ उभा राहिला की काळ्या हसून म्हणायचा, "सरक बाबा. तुमच्या घरातला हात खडपाकडे वळतो."

हंसा सुकी मासळी घेऊन कासाच्या बाजाराला जायची. बोंबील, सुकट, मांदेली. शेजारी कैनाडची जमना भाजी घेऊन बसायची. दोघींची मैत्री भांडणातून झाली होती, सावलीवरून. अजूनही सावलीवरून भांडायच्या.

२०१६ च्या दिवाळीनंतर एका सकाळी पाठीवर मोठ्या पिशव्या घेतलेली मुंबईची पोरंपोरी बाजारात उतरली. गडाकडे जाणारी जीप विचारत होती. हंसानं त्यांच्या पुढाऱ्याला हाक मारली.

"काय रे, वरून समुद्र दिसतो?"

"हवा साफ असली तर दिसतो म्हणतात, मावशी."

"मग मला न्या तुमच्याबरोबर."

पोरं हसली. वाईट नव्हती पोरं. तरुण माणसं हसतात तशी हसली. पुढारी म्हणाला, "मावशी, अवघड आहे हो. आमच्या ग्रुपला वयाची अट असते." मग त्यानं तिचा टोपलीसकट फोटो काढला.

जीप गेली तरी हंसा रस्त्याकडे बघत होती. बोंबलांवर माशा बसत होत्या, तिनं हाकलल्या नाहीत.

"खरंच जायचंय काय गो तुला?" जमनानं विचारलं.

"तिथून समुद्र दिसत असेल तर समुद्रातून तो दिसतो. बरोबर की नाही?"

"समुद्र केवढा. त्यातलं तुझं खडप कुठलं, ते कसं कळणार?"

 हे हंसाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग समोरच्या न्हाव्याच्या टपरीतला आरसा हलला, आणि एक कवडसा जमनाच्या तोंडावरून, भाजीवरून, भिंतीवरून धावत गेला. जमनानं डोळे मिटून शिवी दिली.

"असं कळणार," हंसा म्हणाली.

त्या दिवसापासून ती गडाची तयारी करू लागली. तिची तयारी समुद्रापासून सुरू झाली, कारण तिला दुसरीकडून सुरू करता येत नव्हतं. बोट खडपाशी दुपारी हवी, ऊन पश्चिमेला कलल्यावर, म्हणजे गडावरचा आरसा ते समुद्राकडे फेकील. बोट खाडीतून सकाळच्या भरतीला निघणार आणि संध्याकाळच्या भरतीला आत येणार. असं फक्त अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, जेव्हा समुद्राला फारसा जोर नसतो. लोक गडावर जायला रविवार बघतात. हंसानं तिथी बघितली.

राहिला काळ्या. त्याला तिनं किनाऱ्यावर गाठलं, बोंबील वाळवायच्या वलांडींजवळ. बांबूंवर बोंबील तोंडात तोंड अडकवून लटकत होते आणि घरोघरच्या बायका तिथं होत्या. तिनं मुद्दाम तीच वेळ धरली.

"काळ्याभाऊ, येत्या अष्टमीला बोट खडपाशी थांबव. दुपारची. मी गडावरून आरसा दाखवते."

काळ्यानं आजूबाजूला बघितलं. "वहिनी, डोक्यावर ऊन लागलं काय?"

"गड दिसत नाही ना तिथून? मग थांबायला भितोस कशाला?"

एक म्हातारी फिसकन हसली. काळ्याच्या मानेवरची शीर उठली.

"भितो कोण? थांबतो. जेवतो पण तिथंच. पण तू गडावर चढणार? आपले पाय वाळूतले. कुणी आदिवासी पोरगा हात धरून नेईल तुला कुठल्या तरी टेकडीवर, आणि तू म्हणशील हाच गड."

"कुणी हात धरणार नाही. वाट विचारायची पण नाही मी कुणाला. जो डोंगर त्यांनी जन्मभर सांगितला तो मला पाठ आहे."

"आणि चमक दिसली तर?"

"तर इथंच उभं राहून म्हणायचं, रामा खोटं बोलला नव्हता."

"आणि नाही दिसली तर?"

हंसानं वलांडीवरचा एक बोंबील सरळ केला. "तर मी म्हणीन, खोटं बोलला."

जिग्नेश त्या रात्री जेवला नाही. "आई, तू हे काय बोलून बसलीस? धुरकट असलं तर? तुझा पाय मोडला तर?"

"मग मोडक्या पायानं म्हणीन."

"बाबा गेले. आता कुणाला काय फरक पडतो?"

"तुला सुकाणूजवळ उभं राहू देत नाही, ते कुणामुळे? जेव."

अष्टमीला पहाटे जमना एस.टी. स्टँडवर आली ती मुलाचे कॅनव्हासचे बूट हातात घेऊन. हंसानं ते घालून बघितले आणि काढून टाकले; पायाला आंधळं झाल्यासारखं वाटतं म्हणाली. तिच्या पिशवीत तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, पाण्याच्या बाटल्या, आणि रामाचा दाढीचा आरसा, पत्र्याच्या चौकटीतला, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला.

कासाहून जीपनं दोघी डोंगराखालच्या पाड्यावर उतरल्या. भातकापणी झालेली होती. खाचरांत ठोंब उरले होते, पेंढ्याचे भारे घरांच्या कुडांना टेकलेले. एक बाई अंगणात नाचणी पाखडत होती. जमना तिच्याकडे वळली तसं हंसानं तिचा दंड धरला.

"विचारायचं नाही."

"अगं, वाट तरी..."

"विचारलं की ती सोबत माणूस देईल. मग काळ्या म्हणेल, माणसानं नेलं. हा बघ ना, समोरच आहे."

समोर खरंच होता. डावीकडे उंच खांदा, उजवीकडे उतार. बसलेला बैल. रामा अंगणात बसून बोटानं हवेत काढून दाखवायचा तसाच. हंसाला क्षणभर वाटलं, हा डोंगर आपण आधीच बघितलेला आहे, स्वैपाक करता करता, धुरातून.

त्या चढू लागल्या. आधी सागाची झाडी, मोठी पानं पायाखाली मोडत होती. मग कारवी, मग मुरमाचा चढ. हंसाचा तोल जात होता. कारण तिला कळेना. मग कळलं. जन्मभर ती डोक्यावर ओझं घेऊन चालली होती, आणि आज डोकं रिकामं होतं. तिनं खांद्यावरची पिशवी काढून डोक्यावर ठेवली आणि सरळ चालू लागली. जमना खाली बसून हसली.

"गडावर पण मासळी विकणार काय गो?"

"तू चल. तुझी भाजी सुकेल."

ऊन वर आलं. गवत पिवळं पडलेलं, वाऱ्यावर एकाच दिशेनं झोपणारं. हंसाचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दोनदा ती चार पायांवर चढली. तिला कुणी बघत नव्हतं, तरी ती मनातल्या मनात सगळ्यांना दाखवत होती: नळावरच्या बायकांना, पंचांना, त्या हसऱ्या पुढाऱ्याला. राग हे वाईट इंधन आहे, पण चढावर जळतं.

माथ्यावर पोचल्या तेव्हा दुपार कलली होती.

माथ्यावर काही नव्हतं. तट नाही, पाण्याचं टाकं नाही, रचलेला एकही दगड नाही. कारवीची झुडपं आणि गुरांनी बसून चेपलेलं गवत. हंसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. तिथं जमीन संपली. खाली दरी, आणि दरीच्या पलीकडे, ह्याहून उंच, दुसरा डोंगर. त्याच्या कातळावर मोडक्या तटाची ओळ, काळी, उन्हात स्पष्ट.

तो गड होता. ह्या होत्या त्याच्या डाव्या खांद्यावर. समुद्रातून खांदा आणि गड मिळून एकच डोंगर दिसतो. रामानं जन्मभर एकच डोंगर बघितला आणि एकच सांगितला. मधली दरी त्याला कुठून दिसणार? आणि खाली पाड्यावर, जिथं नाचणी पाखडणाऱ्या त्या बाईनं एका हाताच्या इशाऱ्यानं दाखवलं असतं, तिथं हंसानं विचारलं नव्हतं.

जमना जवळ आली. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. हंसानं घेतली नाही.

"उतरून परत चढायचं म्हटलं तर अंधार होईल," जमना थोड्या वेळानं म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

हंसा पश्चिमेकडे वळली. समुद्र दिसत होता. तो तिच्या ओळखीचा समुद्र नव्हता. आवाज नाही, वास नाही. आभाळाच्या बुडाला लावलेली पत्र्याची पातळ कड. त्या कडेवर कुठंतरी जिग्नेश उभा होता, डोळ्यांवर हात धरून, आणि तो गडाकडे बघत होता.

तिनं पिशवीतलं लुगड्याचं गाठोडं सोडून आरसा काढला.

"अगं, चुकीच्या डोंगरावरून कशाला?"

"तो तिथं थांबलाय. मी इथं आहे. आरसा कशाला आणलाय मग?"

तिनं कवडसा आधी खालच्या कारवीवर पाडला. वाऱ्यानं तो एका जागी ठरेना. जमनानं मागून तिचं मनगट धरलं. दोघींनी मिळून तो कवडसा उतारावरून हळूहळू वर नेला, झाडांच्या शेंड्यांवरून, आणि मग हवेत सोडला. तिथून पुढे तो त्यांना दिसला नाही. आरसा डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हात भरून येईपर्यंत. कुणी उत्तर दिलं नाही. समुद्र उत्तर देत नाही हे तिला माहीत होतं. तरी ती वाट बघत उभी राहिली.

उतरताना जमना म्हणाली, "सांगायचं की नाही, हे तुझं तू बघ. मी तर म्हणीन गडावर गेलो होतो. कोण येणार बघायला?"

हंसा थांबली. "तसंच किनाऱ्यावरचे लोक म्हणाले होते ना जिग्नेशच्या बाबांबद्दल. कोण येणार बघायला."

कासाहून मिळालेली जीप कैनाडपर्यंतच जाणार होती. हंसा जमनाकडे राहिली. जमनानं मोबाइल पुढे केला, "लाव पोराला फोन, विचार." हंसानं मान हलवली. जे ऐकायचं ते किनाऱ्यावरच ऐकायचं होतं, सगळ्यांच्या देखत, जिथं ती बोलली होती.

सकाळी ती किनाऱ्यावर पोचली तेव्हा वलांडींवर ओले बोंबील चढत होते. जिग्नेश एका बाजूला जाळं आवरत होता. त्याचा चेहरा तिनं बघितला आणि तिला कळलं की रात्री काहीतरी होऊन गेलंय. तो जवळ आला.

"आई, दिसलं. सगळ्यांना दिसलं. मी काल सांगितलं, तर म्हणतात, तू पोरगाच त्याचा, तू सांगणारच. बाकीचे खलाशी खाली बघतात."

"आणि काळ्या?"

"म्हणतो धुरकट होतं. काही दिसलं नाही."

काळ्या बोटीला टेकून चहा पीत होता. त्यानं दुरूनच हाक मारली. "या, या वहिनी! झाली काय यात्रा? आम्ही थांबलो हो तुमच्यासाठी. भात खाल्ला, झोप काढली. काही नाही दिसलं. आता बोला, काय बोलायचं ठरलं होतं ते."

बायकांचे हात थांबले.

हंसा मधोमध जाऊन उभी राहिली. तिचे तळवे सोलवटले होते. वाळूतलं मीठ त्यांना झोंबत होतं.

"बोलते. पण आधी दुसरं सांगते. मी गडावर गेले नाही. चुकले मी. वाट विचारली नाही, माझाच ताठा. भलत्याच डोंगरावर चढले, वर जाऊन बघते तर गड दरीच्या पलीकडे. आरसा तिथूनच दाखवला."

 मग काळ्या मोठ्यानं हसला. आदल्या दिवसापासून छातीवर असलेला धोंडा उतरावा तसा हसला. हातातला चहा सांडला.

"अरे, मग तेच तर! मी ह्या पोरांना म्हणतच होतो. चमकतंय कुठं, तर पार डाव्या खांद्यावर! म्हटलं, ही बाई कुठं जाऊन बसलीय? गड राहिला उजवीकडे, एवढा मोठा, समोर, आणि ही..."

त्याचा हात हवेत होता. पूर्वेकडे, थोडा उजवीकडे, जिथं गड असतो तिथं. हात तिथंच राहिला.

कुणीतरी वलांडीवरून घसरलेला बोंबील उचलला. खलाशांपैकी एक जण खाली बघता बघता हसू दाबत होता आणि त्याला ते दाबता येत नव्हतं. फिसकन हसणारी ती म्हातारी या वेळी हसली नाही. ती म्हणाली, "काय रे काळ्या. धुरकट होतं ना?"

काळ्यानं हात खाली घेतला. कपात उरलेला चहा वाळूत ओतला. "वहिनी, चमक गडावर नव्हती. गडावरून दाखवायचं ठरलं होतं."

"खरं आहे," हंसा म्हणाली. "गडावरून दाखवायचं राहिलं. तुझं पण म्हणायचं राहिलं. दोघांचं राहिलं."

"मी कशाला म्हणू?"

"नको म्हणू. तुझा हात म्हणाला. दोन वर्षं उशिरा केलास, पण केलास."

काळ्या बोटीकडे वळला. दोर सोडू लागला. खलाशी एकेक करून निघाले. जिग्नेशही निघाला, कारण भरती थांबत नाही. तो बोटीवर चढला, सुकाणूशेजारी जाऊन उभा राहिला, आणि काळ्यानं त्याला सरक म्हटलं नाही. सुकाणू दिलंही नाही.

हंसानं घरून हंडा आणला. नळावर गर्दी होती. बायकांनी तिला पुढे येण्यासाठी जागा केली. ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

"हंडा भर की गो आधी," कुणीतरी म्हणालं.

"माझा नंबर येईल तेव्हा भरीन."

पुढच्या बाजाराला कासात जमना आधीच सावली धरून बसली होती. हंसानं टोपली उतरवली, तिला ढकलून जागा केली आणि विचारलं, "पुढची अष्टमी कधी आहे, बघितलंस?"

"आता कशाला? झालं ना तुझं?"

"कुठं झालं? तो डावा खांदा होता." हंसानं बोंबलांवरच्या माशा हाकलल्या. "या वेळी त्या नाचणीवाल्या बाईला विचारू. आणि तुझे ते बूट आणू नकोस."